बीपी आणि डार्क चॉकलेट : पाकीट उघडण्याआधी

‘डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं म्हणतात, मग रोज खाल्लं तर चालेल ना?’ हा प्रश्न आता डॉक्टरांच्या खोलीत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत येत असतो. त्याच्या पाठोपाठ आणखी प्रश्न येतात. ७० टक्क्यांचं घ्यावं की ८५ टक्क्यांचं? मधुमेह असेल तर? मुलानं परदेशातून पाठवलेल्या कोकोच्या कॅप्सूल घ्याव्यात का? आणि सगळ्यांत काळजीचा प्रश्न : चॉकलेट सुरू केल्यावर बीपीची गोळी अर्धी केली तर?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. गोळी अर्धी करू नका, बंद तर मुळीच करू नका. कोकोमुळे रक्तवाहिन्यांना होणारा फायदा खरा आहे, तो मोजता येतो, पण तो गोळीची जागा घेण्याएवढा नाही. दुसरी गोष्ट अशी, की हा फायदा चॉकलेटचा नसून कोकोच्या बीमधल्या फ्लॅव्हनॉल नावाच्या द्रव्यांचा आहे. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक चॉकलेटमध्ये आणि बऱ्याच कोको पावडरींमध्ये ती फार थोडी उरलेली असतात. म्हणून काय विकत घ्यायचं हे कळणं, किती खायचं हे कळण्याइतकंच गरजेचं आहे.

रक्तवाहिनीत नेमकं काय घडतं?

धमनीला आतून पेशींचा एक पातळ थर असतो. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. तो धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल पडायला सांगतो, मग धमनी रुंदावते आणि रक्त सहज वाहतं. या शोधाला १९९८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. छातीत दुखायला लागल्यावर हृदयरुग्ण जिभेखाली जी नायट्रेटची गोळी ठेवतात, तीही शरीरात हाच वायू देते. वय, धूम्रपान, मधुमेह आणि वाढलेलं बीपी यांनी हे अस्तर निबर होत जातं आणि त्याची वायू तयार करण्याची ताकद घटते.

कोकोतली फ्लॅव्हनॉल, त्यांतही एपिकॅटेचिन, या अस्तराला पुन्हा कामाला लावतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोको न देता शुद्ध एपिकॅटेचिन दिलं गेलं, तेव्हाही धमनी तशीच रुंदावली. म्हणजे परिणाम कोणाचा याबद्दल फारशी शंका उरली नाही.

हे मोजायची पद्धतही साधी आहे. हाताला बीपीचा पट्टा बांधून तो पाच मिनिटं घट्ट फुगवून ठेवतात आणि मग एकदम सोडतात. थांबलेलं रक्त जोरानं धावतं, तेव्हा दंडातली धमनी किती टक्के रुंदावली ते सोनोग्राफीवर बघतात. अस्तर तंदुरुस्त असेल तर ती जास्त रुंदावते. फ्लॅव्हनॉल भरपूर असलेला कोको प्यायल्यावर साधारण दोन तासांत हा आकडा वाढलेला दिसतो, आणि काही तासांनी तो परत खाली येतो. त्यामुळे महिन्यातून एकदा भरपूर चॉकलेट खाण्याला रक्तवाहिन्यांच्या दृष्टीनं काही अर्थ नाही.

पुरावा किती, आणि कुठे थांबतो?

या सगळ्या संशोधनाला चालना मिळाली ती पनामाच्या सान ब्लास बेटांवरून. तिथल्या कुना आदिवासींचं बीपी वय वाढलं तरी वाढत नाही, हे विसाव्या शतकाच्या मध्यालाच लक्षात आलं होतं. हार्वर्डचे डॉक्टर नॉर्मन हॉलेनबर्ग नव्वदच्या दशकात तिथे गेले ते या लोकांच्या जनुकांत काही वेगळं आहे का हे शोधायला. ते मीठ बेतानं खात होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. मात्र बेटं सोडून पनामा सिटीत राहायला गेलेल्या कुनांचं बीपी इतरांसारखंच वाढत होतं, म्हणजे कारण जनुकांत नव्हतं. फरक सापडला तो पेल्यात. बेटावरची माणसं घरी केलेला, फारशी प्रक्रिया न झालेला कोको दिवसातून अनेक वेळा पीत होती. शहरात गेल्यावर ही सवय सुटली होती.

या कथेवर चॉकलेटच्या किती जाहिराती उभ्या राहिल्या! पण बेटावरचा माणूस मासेही भरपूर खातो, चालतो, होडी वल्हवतो आणि शहराच्या धकाधकीपासून लांब राहतो. एकट्या कोकोला सगळं श्रेय देता येत नाही, म्हणून पुढे नीट आखलेल्या चाचण्या झाल्या.

अशा ३५ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली घेतला. फ्लॅव्हनॉलयुक्त कोकोनं बीपी सरासरी १.८ अंकांनी उतरलं. ज्यांचं बीपी आधीपासून जास्त होतं त्यांच्यात वरचा आकडा सुमारे ४ अंकांनी खाली आला, ज्यांचं ठीक होतं त्यांच्यात जवळजवळ फरक पडला नाही. यांतल्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या, आणि त्यांत दिलेलं फ्लॅव्हनॉल रोज सरासरी ६७० मिलिग्रॅम होतं. हा आकडा लक्षात ठेवा. बाजारातल्या साध्या चॉकलेटमधून तो गाठायचा तर आधी वजन वाढेल.

सर्वांत मोठी चाचणी अमेरिकेत झाली. ‘कॉसमॉस’ नावाच्या या चाचणीत ६० वर्षांपुढचे पुरुष आणि ६५ वर्षांपुढच्या स्त्रिया मिळून २१,४४२ जण होते. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेल्या कॅप्सूल दिल्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण फ्लॅव्हनॉल नसलेल्या. साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळानंतर, २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला. हृदयविकार, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून १० टक्क्यांनी कमी होत्या, पण हा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं संख्याशास्त्र सांगत होतं. हृदयरोगानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी आढळले. ही आशादायक बाब आहे, तरी चाचणी ज्यासाठी आखली होती तो मुख्य निकष हा नव्हता. त्यामुळे एवढ्यावर कोणी डॉक्टर औषधाची चिठ्ठी बदलणार नाही, आणि बदलूही नये.

या क्षेत्रातल्या बऱ्याच संशोधनाला, कॉसमॉसलाही, चॉकलेट उद्योगातल्या मार्स कंपनीचा पैसा आहे. त्यामुळे निकाल खोटे ठरत नाहीत, पण ‘चॉकलेटनं हार्ट अ‍ॅटॅक टळतो’ अशी बातमी वाचताना ही गोष्ट मनाशी असलेली बरी.

बीपासून वडीपर्यंत काय काय हरवतं?

कोकोचं फळ फोडलं की पांढऱ्या, आंबटगोड गरात गुंडाळलेल्या बिया दिसतात. ताजी बी चिरली तर आतून बहुधा गडद जांभळी निघते आणि चावली तर तोंड आवळून येईल इतकी तुरट लागते. हा तुरटपणाच फ्लॅव्हनॉलचा. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतल्या नारळ-सुपारीच्या बागांतही कोको पिकतो, आणि तिथेही पुढची वाट जगभर आहे तीच : बिया पाच-सात दिवस ढिगात किंवा खोक्यांत आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, मग भाजायच्या. चॉकलेटची ओळखीची चव याच वाटेवर तयार होते, आणि याच वाटेवर फ्लॅव्हनॉल घटत जातं. जांभळी बी तपकिरी होते.

सर्वांत मोठी घट मात्र पुढे होते. एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करायची पद्धत आणली. त्यानं आंबटपणा व कडवटपणा मरतो, रंग गडद होतो आणि पावडर दुधात चांगली मिसळते. केक-बिस्किटं बनवणाऱ्यांना ती आवडते. पण २००८ साली बाजारातल्या कोको पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा हिशेब असा निघाला :

- नैसर्गिक, अल्कली न लावलेली पावडर : एका ग्रॅममागे सुमारे ३५ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल
- हलकी प्रक्रिया केलेली : सुमारे १४
- मध्यम : सुमारे ८
- भरपूर प्रक्रिया केलेली : सुमारे ४

म्हणजे जे फ्लॅव्हनॉल नैसर्गिक पावडरीच्या एका मोठ्या चमचाभरात मिळतं, त्यासाठी काळ्याभोर पावडरीचे आठ-नऊ चमचे लागतील. दोन्ही पाकिटांवर ‘१०० टक्के शुद्ध कोको’ असंच लिहिलेलं असतं आणि तेही खोटं नसतं.

पाकीट हातात घेतल्यावर काय बघाल?

समोरची सोनेरी अक्षरं सोडून द्या, पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. भारतात ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणजे जो घटक पहिला, तोच सर्वांत जास्त.

1. कोको पावडर घेताना यादीत फक्त ‘कोको सॉलिड्स’ किंवा ‘कोको पावडर’ असावं. त्यापुढे ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर’ लिहून ५००, ५०१, ५२४ किंवा ५२५ असा आयएनएस क्रमांक दिसला, तर ती पावडर अल्कली लावलेली आहे असं समजा. ‘डच प्रोसेस्ड’ किंवा ‘अल्कलाइज्ड’ या शब्दांचा अर्थही तोच. पाकीट घरी आलंच असेल तर रंग बघा : नैसर्गिक पावडर फिकट, तांबूस-तपकिरी असते आणि जिभेवर आंबट-तुरट लागते. गडद, जवळजवळ काळी आणि चवीला मवाळ पावडर केकसाठी ठेवा.

2. चॉकलेट घेताना पहिला घटक साखर असेल तर पाकिटावर ‘डार्क’ लिहिलेलं असलं तरी परत ठेवा. कोकोचं नाव आधी यायला हवं. ‘व्हेजिटेबल फॅट’ किंवा ‘हायड्रोजनेटेड फॅट’ असेल तर तो बेकरीत ‘कंपाउंड’ म्हणतात तो प्रकार, त्यात कोकोचं लोणी काढून स्वस्त तेल घातलेलं असतं.

3. टक्क्यांवर फार विसंबू नका. ७० टक्के म्हणजे कोकोपासून आलेला एकूण भाग. त्यात कोकोचं लोणीही मोजतात आणि लोण्यात फ्लॅव्हनॉल नसतं. शिवाय कोको आंबवताना, भाजताना किती गेलं ते टक्केवारी सांगत नाही. ७० टक्क्यांच्या एका वडीत ८५ टक्क्यांच्या वडीपेक्षा जास्त फ्लॅव्हनॉल असू शकतं. तरीही टक्का वाढला की साखर घटते, म्हणून ७०च्या वरचं निवडणं शहाणपणाचं.

4. दुधात घालायच्या चॉकलेटी पेयांच्या पावडरी या हिशेबात धरूच नका. त्यांत मुख्यतः साखर आणि माल्ट असतं. एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही.

फ्लॅव्हनॉल किती हे पाकिटावर छापणं सक्तीचं नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो आकडा सापडणार नाही. काही कंपन्या तो आपणहून देतात. पाकिटावर ग्राहकसेवेचा ईमेल असतो, त्यावर विचारा : ‘या पावडरीवर अल्कली प्रक्रिया केली आहे का, आणि एका ग्रॅममध्ये फ्लॅव्हनॉल किती?’ सरळ उत्तर देणाऱ्या कंपनीचा माल घ्यावा.

किती घ्यायचं आणि कसं?

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१२ साली रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल धमन्यांचा लवचीकपणा टिकवायला मदत करतं, असं मान्य केलं. फ्लॅव्हनॉल मुद्दाम राखलेल्या खास पावडरीचे २.५ ग्रॅम त्याला पुरतात. साध्या नैसर्गिक पावडरीचे ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक मोठा चमचा, त्या आसपास पोचवतात. या चमच्यात उष्मांक जेमतेम १२ ते १५ असतात. तेवढ्याच फ्लॅव्हनॉलसाठी चॉकलेट खायचं तर कितीतरी जास्त साखर आणि चरबी पोटात जाते. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे ६०० उष्मांक असतात. म्हणून रक्तवाहिन्यांसाठीच काही करायचं ठरवलं असेल, तर वडीपेक्षा पावडर बरी.

करायची रीत अशी. कपात चमचाभर पावडर घ्या, दोन चमचे कोमट पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत घोटा, मग गरम पाणी किंवा साय काढलेलं दूध ओता. वेलदोड्याची पूड किंवा जरा दालचिनी घातली की कडवटपणा बोचत नाही. साखर घालायची तर अर्धा चमचा, आणि ती आठवडाभरात कमी करत न्या. गूळ किंवा मध घातल्यानं साखरेचा हिशेब बदलत नाही.

दुधानं परिणाम नाहीसा होतो का, यावर वीस वर्षं उलटसुलट अभ्यास चालू आहेत. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात २०२४ साली एक प्रयोग झाला. तरुणांना लोणी लावलेले क्रोसाँ, चीज आणि पूर्ण सायीचं दूध अशी भरगच्च न्याहारी दिली, सोबत कोको दिला आणि मग घड्याळ लावून अवघड गणितं घालून ताण आणला. अल्कली लावलेला कोको प्यायल्यावर धमन्या ताणानंतर बराच वेळ आखडलेल्या राहिल्या, फ्लॅव्हनॉल राखलेला कोको प्यायल्यावर नाही. दूध दोन्ही वेळी पोटात होतं. तेव्हा दुधातून घ्यायला हरकत दिसत नाही, मात्र कोको कुठला, यानं फरक पडतो.

केळ्याचं तसं नाही. वांगं किंवा केळं चिरून ठेवलं की जे एन्झाइम ते काळं पाडतं, तेच फ्लॅव्हनॉलही मोडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं, की केळं घातलेल्या स्मूदीबरोबर घेतलेलं फ्लॅव्हनॉल रक्तात ८४ टक्क्यांनी कमी पोचतं. केळं-कोको शेक मुलांना आवडतो, तो आवडीसाठी जरूर करा. औषधी म्हणून करू नका.

चॉकलेटच हवं असेल तर एखादी छोटी वडी, ८ ते १० ग्रॅम, जेवणानंतर खा. जर्मनीत कोलोनच्या विद्यापीठ रुग्णालयात २००७ साली किंचित वाढलेलं बीपी असलेल्या ४४ जणांना रोज फक्त ६.३ ग्रॅम डार्क चॉकलेट दिलं होतं. १८ आठवड्यांनी वरचा आकडा सरासरी २.९ अंकांनी उतरला आणि वजन वाढलं नाही. अभ्यास लहान आहे, पण एवढ्याशा वडीनंही भागू शकतं, असं त्यातून दिसतं.

कोणी जपून घ्यावं?

- मुतखडा होऊन गेलेल्यांनी. कोकोत ऑक्झलेट बरंच असतं. ऑक्झलेटचे खडे असतील तर रोजचा कोको नको.
- किडनीचा आजार असलेल्यांनी. पावडरीत पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही असतात. डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.
- हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी. डाळी-पालेभाज्यांतलं आणि गोळीतलं लोह कोकोबरोबर नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे स्त्रियांत पंडुरोग इतका आहे, की ही सूचना ठळक करायला हवी : लोहाची गोळी आणि कोको यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, जेवतानाही कोको पिऊ नका.
- आम्लपित्त, छातीत जळजळ असणाऱ्यांनी. रात्री झोपताना घेतलेलं चॉकलेट हा त्रास वाढवतं.
- झोप न लागणाऱ्यांनी, छातीत धडधडणाऱ्यांनी. मोठ्या चमचाभर पावडरीत कॅफिन सुमारे १२ मिलिग्रॅमच असतं, पण त्याचा भाऊबंद थिओब्रोमिन १०० मिलिग्रॅमच्या घरात असतो. दुपारी चारनंतर टाळा.
- अर्धशिशीवाल्यांनी. चॉकलेटनं डोकं उठतं असं तुमच्या लक्षात आलं असेल, तर हा प्रयोग तुमच्यासाठी नाही.
- मधुमेह असलेल्यांनी बिनसाखरेचा कोको घ्यावा. ‘शुगर फ्री’ चॉकलेटमधल्या माल्टिटॉलसारख्या गोडी आणणाऱ्या पदार्थानंही रक्तातली साखर थोडी वाढते आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा. थिओब्रोमिन कुत्र्याला विषारी ठरतं.

शिसं आणि कॅडमियमची भीती

डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं २८ डार्क चॉकलेटं तपासली. त्यांतल्या २३मध्ये रोज २८ ग्रॅम खाणाऱ्या माणसाला जास्त ठरेल इतकं शिसं किंवा कॅडमियम निघालं. कॅडमियम झाड मातीतून ओढून घेतं. दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांत ते मातीतच जास्त असतं. शिसं मात्र बहुतेक बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून चिकटतं. कोकोचा भाग जितका जास्त, तितका हा धोकाही जास्त, म्हणून पावडरही याला अपवाद नाही.

घाबरून सगळं टाकून द्यायची गरज नाही. पावडर चमचाभरच ठेवा, वडी छोटी ठेवा, एकाच ब्रँडला चिकटून न राहता अधूनमधून बदला, आणि लहान मुलांना व गरोदर बायकांना ‘औषधी’ म्हणून रोजचा कोको देऊ नका. युरोपीय संघात कॅडमियमची कायदेशीर मर्यादा २०१९पासून लागू आहे. कंपनीला फ्लॅव्हनॉलबद्दल लिहाल तेव्हा जड धातूंच्या तपासणीचा अहवालही मागा.

फरक पडतोय का, हे घरीच मोजा

कोको सुरू करण्याआधी सात दिवस आणि सुरू केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा सात दिवस बीपी मोजून वहीत लिहा. मोजायची शिस्त चुकली तर चार अंकांचा फरक कळणारच नाही, कारण चुकीच्या बसण्यानंच आकडा त्याहून जास्त हलतो.

- आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, कोको, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या.
- पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. मांडी किंवा पायावर पाय नको, बोलणं नको.
- पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा हवा. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला टेकलेला.
- सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा.
- पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५च्या वर असेल तर डॉक्टरांकडे जा.

आकडा उतरलेला दिसला तर वही घेऊन डॉक्टरांना भेटा. गोळीचा डोस कमी करायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं. बीपी १८०/१२०च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांपैकी काही असेल, तर क्षणभरही न थांबता १०८ला फोन करा.

प्राधान्यही नीट लावा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत आणणं, रोज अर्धा तास भरभर चालणं आणि तंबाखू सोडणं यांनी कोकोपेक्षा जास्त साधतं. ताटात लोणचं, पापड आणि चटणी तिन्ही असताना कोकोच्या कपाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

कॅप्सूल घ्याव्यात का?

कॉसमॉसमध्ये वापरल्या तशा, ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल लिहिलेल्या कॅप्सूल अमेरिकेत मिळतात. त्यांत साखर-चरबी नाही हा फायदा. पण त्या महाग असतात, आणि हृदयविकाराच्या घटना टळाव्यात म्हणून त्या घ्यायच्या, तर त्याबद्दलचा मुख्य निकाल अजून ठाम नाही. लेबलवर ‘कोको एक्स्ट्रॅक्ट ५०० मिलिग्रॅम’ असेल तर फसू नका. ते अर्काचं वजन झालं, फ्लॅव्हनॉलचं नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना आधी सांगा, कारण फ्लॅव्हनॉलमुळे रक्तातल्या प्लेटलेटांचा चिकटपणा थोडा घटतो.

दावे आणि तुमचे हक्क

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२३मध्ये हृदयरोगाबाबतचा दावा फक्त किमान ४ टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको पावडरीपुरता मान्य केला. त्यासोबत पुरावा फारच मर्यादित आहे असं छापायची अट घातली, आणि साध्या कोको पावडरीला व चॉकलेटला तो दावा लागू नाही, हेही बजावलं. तेव्हा आपल्याकडचं एखादं चॉकलेट ‘बीपी बरं करतं’ म्हणत असेल, तर गप्प बसू नका.

- खाद्यपदार्थ आजार बरा करतो, असा दावा भारतात २०१८च्या जाहिरात व दावे नियमांनुसार करता येत नाही. पाकिटाचे आणि जाहिरातीचे फोटो काढून ठेवा.
- पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा. तक्रार ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर किंवा जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मराठीतही बोलता येतं.
- फसवणूक झाली असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मोबदला ५ लाखांपर्यंत दिलेला असेल तर तक्रारीचं शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्यासाठी बिल मात्र जपून ठेवलेलं हवं.

कोको आवडतच नसेल तर?

मग बळेच पिऊ नका. फ्लॅव्हनॉल चहात असतं, सालीसकट खाल्लेल्या सफरचंदात असतं, पेअर आणि द्राक्षांत असतं. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या २५ हजारांहून अधिक लोकांच्या लघवीतून फ्लॅव्हनॉलचं प्रमाण मोजून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त फ्लॅव्हनॉल घेणाऱ्यांच्या बीपीत २ ते ३ अंकांचा फरक होता. त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात हे फ्लॅव्हनॉल चॉकलेटमधून आलेलं नव्हतं, चहा आणि फळांतून आलेलं होतं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली रोज ४०० ते ६०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल खाण्यापिण्यातून घ्यावं असं सुचवलं, तेही चहा, सफरचंद, बेरी, कोको अशा मिश्र आहारातूनच.

दिवसात दोन-तीन कप चहा घेत असाल तर त्यातली साखर निम्मी करा. एखादा कप बिनदुधाचा, पानं दोन-तीन मिनिटं मुरवून घ्या. जेवणानंतर लगेच नको, तासाभरानं घ्या, कारण लोहाचं शोषण चहाही अडवतो. सफरचंद धुऊन सालीसकट खा. आणि पुढच्या वेळी किराणा भरताना कोकोचं पाकीट हाती आलंच, तर आधी उलटं करून ५०१ हा आकडा शोधा.